किशोरांसाठी ख्रिश्चन रहस्यकादंबरी लिहायलोय, पण घंटेपाशी अडकलोय

लालमाती

नमस्कार मंडळी. राहायला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, शाळेत शिकवतो आणि रविवारी मिस्सा (कॅथलिक चर्चमधली उपासना) झाली की चर्चमधल्या पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. पोरं तेरा ते सोळाची. मराठीत वाचायला द्यायचं म्हटलं तर संतांची चरित्रं आहेत, प्रार्थनेची पुस्तकं आहेत, पण रात्री पांघरुणात टॉर्च लावून वाचावं असं काय नाही. म्हणून स्वतःच लिहायला बसलोय.

गोष्ट अशी. गावातल्या जुन्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री गायब होतं. पैशाची पेटी तशीच, चांदीचा प्याला तसाच, फक्त रजिस्टर. चार पोरं शोधायला लागतात. चर्चच्या मागं राहणारा एक मामा सांगतो, "शुक्रवारी पहाटे घंटा वाजली म्हणून मी उठलो, खिडकीतनं बघितलो, दार बंद होतं." आणि पोरं तिथंच त्याला पकडतात, कारण आमच्या कॅथलिकांत गुरुवारच्या मिस्सेत ग्लोरियाला, म्हणजे देवाच्या गौरवाच्या गीताला, घंटा वाजली की मग शनिवारी रात्री ईस्टरच्या ग्लोरियापर्यंत घंटेला हात लावत नाहीत. म्हणजे मामा खोटं बोलतोय. सगळा डोलारा ह्या एका घंटेवर उभा आहे.

विचारायचं होतं ते हे. रहस्यकादंबरीत खून नसला तर पोरं वाचतील काय? धर्म किती घालायचा? चर्चमधल्या एका ज्येष्ठांना तीन प्रकरणं दाखवली तर म्हणाले, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी बायबलचं एक वचन पाहिजे आणि शेवटच्या पानावर चोरानं गुडघे टेकून रडलं पाहिजे. आणि ख्रिश्चन नसलेल्या पोरांना ह्यातलं काय कळेल? स्पष्ट बोला, राग नाही.

कॅम्पातला_पाव

खून नको. चार पोरांपैकी एकाच्या आईनं नाताळच्या नेवऱ्या कुठल्या डब्यात लपवल्यात ते शोधा, तीनशे पानं आरामात होतील.

घंटानाद

वा! मी सात वर्षं अल्टार बॉय, म्हणजे मिस्सेत फादरच्या हाताखालचा पोरगा, होतो, आता पुण्यात नोकरी. घंटेचं एकदम बरोबर. गुरुवारी ग्लोरियाला आम्ही इतक्या जोरात वाजवायचो की जणू दोन दिवसांचं एकदम वाजवून घेतोय, आणि मग घंटेच्या जागी लाकडी खटखटा बाहेर यायचा. तो फिरवायला मिळावा म्हणून पोरांत मारामारी. त्याचा तो कोरडा कटकट आवाज मला अजून आठवतो, अंगावर काटा यायचा. तो आवाज पुस्तकात घालाच. गुरुवारची मिस्सा झाली की वेदी उघडी करतात, कापड काढतात, मेणबत्त्या काढतात, पवित्र पेटी रिकामी करून दार उघडं ठेवतात. बाहेरचं पोरगं ते बघून म्हणेल की चर्चच लुटलंय! तिथं एक छान फसवी जागा आहे.

आणि खुनापेक्षा भारी गोष्ट तुमच्या हातात आहे ती म्हणजे कन्फेशन, फादरपाशी पापाची गुप्त कबुली. चोरानं शुक्रवारीच फादरला कन्फेशनमध्ये सांगितलं असेल तर? फादरला कळलंय कोण ते, पण सांगता येत नाही. शब्दानं नाही, खुणेनं नाही, चेहऱ्यावरनं पण नाही. मोडलं तर आपोआप बहिष्कृत. पोरं विचारायला जातात आणि कालपर्यंत हसून बोलणारे फादर एकदम गप्प. सगळा संशय फादरवर.

नववी_ब

फादर सस्पेक्ट!!! मी वाचणार

सुमतीअक्का

लालमाती, प्रयत्न चांगला आहे पण तुमची घंटा माझ्या कानात नीट वाजली नाही. माझे वडील मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, पाळक होते, गोकाक, बेळगाव, परत गोकाक असं आमचं बिऱ्हाड हिंडलं. आमच्याकडं गुड फ्रायडेला घंटा वाजायची. बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, आणि बाराच्या ठोक्याला बाबा स्वतः दोर ओढायचे. म्हणजे तुमच्या गोष्टीत पलीकडच्या गल्लीत आमच्यासारखी एक मंडळी असली की तुमचा मामा निर्दोष सुटला. बेळगावच्या कॅम्पात तर कॅथलिक, मेथडिस्ट, गोऱ्यांच्या काळातलं दगडी चर्च, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. "ख्रिश्चनांत असं असतं" म्हणून एक वाक्य लिहिलंत की निम्मे ख्रिश्चन उठून म्हणणार, आमच्यात नसतं.

दुसरं, कृपा करून सगळ्या पोरांना डॅनी, रोझी अशी नावं देऊ नका. माझ्या भावाचं नाव शांतवन, चुलत बहीण सुवार्ता. मराठी गोष्टीत ख्रिश्चन माणूस आला की त्याची बायको फ्रॉकमध्ये, टेबलावर केक आणि बाटली, आणि बोलणं "हम जाता है" असलं. आमच्या घरी आई नऊवारीत भजनं म्हणायची आणि पेटी वाजवायची. ते कधी छापून आलेलं बघितलं नाही मी.

कॅम्पातला_पाव

झालं, रोमन विरुद्ध मेथडिस्ट. पॉपकॉर्न आणतो.

सुमतीअक्का

पाव, तू बस खाली.

निपाणीकर

मी ख्रिश्चन नाही, चाळीस वर्षं मराठी शिकवली एवढाच अधिकार. एक आठवण करून देतो. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन', साल १८५७, लेखक बाबा पदमनजी. हा माणूस १८३१ साली बेळगावातच जन्मला, शिकायला तिथल्याच मिशनच्या शाळेत, १८५४ ला बाप्तिस्मा. म्हणजे मराठी कादंबरीची नाळ तुमच्याच जिल्ह्यात पुरलीय आणि तीही ख्रिश्चन माणसाच्या हातानं. तेव्हा "मराठीत ख्रिश्चन कादंबरी चालेल काय" असं बिचकत विचारू नका.

मात्र त्या कादंबरीत उपदेश भरपूर आहे हेही खरं. तेव्हा ते खपून जायचं, विधवांचे हाल डोळ्यांपुढं होते, रागानं लिहिलेलं आहे. तुमच्या ज्येष्ठांना १८५७ चं पुस्तक पाहिजे असं दिसतंय. आजचं पोरगं वचनाचं पान उलटून पुढं जाईल.

तिसरी घंटा राहिली. मारुतीची! ईस्टर म्हणजे २१ मार्च किंवा त्यानंतरची जी पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. त्यामुळं कधीकधी गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती पाठीला पाठ लावून येतात. २०२६ ला हनुमान जयंती २ एप्रिल, गुड फ्रायडे ३ एप्रिल. गावात मारुतीचं देऊळ नाही असं आपल्याकडं गाव नाही. पहाटे काकड आरतीला घंटा वाजली, मामा उठला. बिचाऱ्याला चोर कशाला करता?

लालमाती

अक्का, सर, रात्रभर झोप नाही आली तुमच्यामुळं. तीन घंटा. माझी अर्धी कादंबरी गेली की ओ.

घंटानाद

गेली नाही, वाढली. पण सर, चर्चची घंटा आणि देवळाची घंटा ह्यात फरक कळतो. आमची मोठी, दोरानं झुलवलेली, ठण… ठण… असं अंतर ठेवून. देवळाची हातानं भराभर.

निपाणीकर

झोपेत असलेल्या माणसाला कळतो काय?

नववी_ब

मी पण बोलू का. मी बेळगावला मराठी मिडीयमला आहे, नववीत. १. खून नसला तरी चालतंय पण कुणाचा तरी जीव धोक्यात पाहिजे, कुत्र्याचा असला तरी चालेल. २. वचन असेल तर मी स्किप करणार सॉरी. पण वचन म्हणजेच क्लू असेल तर नाही करणार. म्हणजे चिठ्ठीत फक्त आकडे लिहिलेत आणि नंतर कळतं ते बायबलचे अध्याय आणि ओवी नंबर आहेत असं. ३. पोरांना दहावीत टाकू नका. होली वीक म्हणजे एसएसएलसीचा, कर्नाटकातल्या दहावी बोर्डाचा टाइम, २०२४ ला गुड फ्रायडे २९ मार्चला होता आणि आमच्या ताईचे पेपर चालू होते, आई तिला गॅलरीत पण उभी राहू देत नव्हती, रात्री चर्चमध्ये चोर शोधायला कोण सोडणार. ४. मोबाईल दाखवा, पण खानापूरच्या पुढं रेंज नाही ते पण दाखवा.

सुमतीअक्का

हे पोरगं आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणं आहे.

लालमाती

पोरं माझी दहावीतच होती. आजच नववीत नापास करून बसवली.

बिनचूक

मी पुण्यात प्रकाशनासाठी मुद्रितशोधन करते. लालमाती, तुमची कल्पना आवडली, पण पहिल्या पोस्टपासून एक गोष्ट खटकतेय. "मी बघितलो", "मी ऐकलो", "मी घेतलो" हे प्रमाण मराठीत चालत नाही. मी पाहिलं, मी ऐकलं, मी घेतलं. मुलांच्या हाती पुस्तक देताना भाषेची जबाबदारी लेखकमहाशयांवर असते. संवादात थोडी बोली ठीक, पण चुकीचं व्याकरण नको.

आणखी एक. इंग्लंडमधले रोनाल्ड नॉक्स हे स्वतः कॅथलिक फादर आणि रहस्यकथालेखक. त्यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात दैवी किंवा अतींद्रिय शक्तीला सरळ मज्जाव केलाय. शोध घेणाऱ्याला योगायोगानं मदत मिळता कामा नये, मनात उगाच आलेला आणि खरा ठरलेला अंदाजही नको. म्हणजे फादरनीच चमत्काराला दारातून परत पाठवलंय. तुमची पोरं प्रार्थना करोत, पण चोर सापडला पाहिजे तो डोकं चालवून.

सुमतीअक्का

हे पटलं. प्रार्थना करून धीर येतो, पत्ता मिळत नाही. माझ्या आईनं चष्मा हरवला की प्रार्थना करायची आणि मग दोन तास घर उलटंपालटं करायची.

लालमाती

बिनचूक ताई, नियम वहीत लिहून घेतलो. पण दोन गोष्टी. आमच्याकडं "मी बघितलो" हेच बोलतात, चूक नाही ते, कानडीच्या शेजारात शंभर वर्षं राहिलं की क्रियापद कर्त्याच्या मागं चालायला लागतंय. आणि मी लेखकमहाशय नाही ओ. मी बाई आहे. दोन पोरांची आई.

घंटानाद

काय??? मी मनात आतापर्यंत मिशा काढून ठेवल्या होत्या तुमच्या.

बिनचूक

अरे देवा. पण तुम्ही "लिहायलोय", "घेतो", "अडकलोय" असं लिहिलंत.

लालमाती

आमच्या बायका पण "मी जातो, मी येतो"च म्हणतात. माझी सासू म्हणायची "मी भाकरी करतो, तू भाजी बघ." शाळेत "मी जाते" शिकवतो आणि घरी आलो की "जातो". निबंधात एक आणि तोंडात एक.

कॅम्पातला_पाव

बेळगावात नवीन आलेल्या सरांनी फोनवर "मी येतो" ऐकून मुलीला "ये बाळा" च्या जागी "ये रे" म्हटलेलं मी स्वतः ऐकलोय.

निपाणीकर

थांबा थांबा. कुणाच्या लक्षात आलं काय? इथं पंधरा प्रतिसाद झाले आणि सगळे लालमातींना पुरुष समजून बोलत होतो. ह्यापेक्षा चांगला पुरावा कुठला पाहिजे? दानपेटीत निनावी चिठ्ठी सापडते: "रजिस्टर मी घेतलो. फादरना त्रास देऊ नका, परत ठेवतो." सगळे पुरुष शोधत बसतात. लिहिणारी बाई.

बिनचूक

हे… हे फारच सुंदर आहे. व्याकरणाचा मुद्दा मागे घेते.

नववी_ब

पण सर आमच्याकडच्या पोरांना हे लगेच कळणार ना. माझी बहीण पण असंच बोलतीय. आम्ही कशाला फसू?

निपाणीकर

शाबास. मग चौघांतला एक बाहेरचा पाहिजे.

लालमाती

पुण्याहून सुट्टीला आलेला आतेभाऊ! मराठीत पहिला नंबर, सगळ्यांना शुद्ध बोलायला शिकवणारा. तोच चिठ्ठी बघून म्हणतो, "चोर पुरुष आहे, हे तर उघड आहे." आणि बाकीची तिघं त्याच्या शुद्ध मराठीला दबून गप्प बसतात.

बिनचूक

हा टोला मला होता हे कळलं.

कोर्टाची_पायरी

धागा उशिरा बघितला. वकील आहे, बेळगाव कोर्टात. रजिस्टर का चोरलं, हे अजून कुणी विचारलंच नाही! घंटा वाजवत बसलाय सगळे. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात नुसतं नाव आणि तारीख नसते, आईबापाचं नाव, साक्षीदार म्हणजे गॉडफादर गॉडमदर, आणि पुढं लग्न झालं की त्याची नोंद त्याच पानाच्या समासात करतात, लग्न दुसऱ्या गावात झालं तरी तिथून कळवतात. म्हणजे एका पानावर माणसाचा अर्धा जन्म. एक हेतू सरळ: कुणाचं तरी जुनं लग्न लपवायचंय.

दुसरा हेतू जड आहे पण आपल्या भागात खरा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ ला शिखांना मिळाला, १९९० ला बौद्धांना. ख्रिश्चनांना नाही. आजोबांचा बाप्तिस्मा झाला होता हे त्या पानावर आहे, आणि नातवंडाचं कॉलेजचं ॲडमिशन जातीच्या दाखल्यावर अडलंय. आता त्या घरातल्या आजीनं ते पान नाहीसं व्हावं असं वाटून रजिस्टर उचललं तर तिला चोर म्हणायचं की काय म्हणायचं, हे पोरांना ठरवू दे.

पोलिसांचं पण लक्षात ठेवा. फिर्याद कानडीत लिहिली जाणार. मराठी मिडीयमच्या पोरांनी ती अडखळत वाचायची. चौघांपैकी ज्याचं कानडी चांगलं तो तिथं हिरो. आणि चोर अठराच्या आतला ठेवणार असाल तर त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, नाव छापता येत नाही, २०१५ च्या बालन्याय कायद्यानं तो बाल न्याय मंडळापुढं जातो. हातात बेड्या घातलेलं चित्र मुखपृष्ठावर नको.

सुमतीअक्का

दाखल्याचा विषय वाचून थोडा वेळ गप्प बसले. आमच्या नात्यात दोन घरं अशी आहेत जी रविवारी उपासनेला मागच्या दारानं येतात. तेरा वर्षांच्या पोरांना हे द्यायचं काय?

नववी_ब

आम्हाला माहीत असतं आंटी. वर्गात फॉर्म भरताना कोण काय लिहितो ते सगळ्यांना दिसतं.

सुमतीअक्का

बरं बाळा.

वटवाघूळ

विषय हलका करतो. मी भीमगडला ट्रेकला जाणारा माणूस. ह्या धाग्यात अजून कुणी "रजिस्टर गुहेत लपवलं" म्हटलं नाही म्हणून आधीच सांगतो, लपवू नका. खानापूरच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत, तिथं रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. अभयारण्य आहे, परवानगीशिवाय जाता येत नाही आणि पुस्तक वाचून पोरं टॉर्च घेऊन तिकडं निघाली तर वटवाघळं उठून जातील. शिवाय खानापूरचा पाऊस एकदा लागला की कागदाला आठवड्यात बुरशी.

आता एक पुरावा माझ्याकडून फुकट. वर सरांनी ईस्टर पौर्णिमेनंतर येतो सांगितलं. म्हणजे पवित्र गुरुवारी कुठल्याही वर्षी अमावस्या असूच शकत नाही! पौर्णिमा जवळच, किंवा होऊन फार तर चारपाच दिवस. मध्यरात्र उलटली की आभाळात चंद्र असणारच. कुणी म्हणाला "पहाटे तीनला मिट्ट काळोख होता, कोण पळालं दिसलं नाही" तर तो खोटं बोलतोय. ह्याला रोमन मेथडिस्ट काही लागत नाही.

कॅम्पातला_पाव

आणि एप्रिलमधला वळीव? जांबोटीच्या बाजूनं ढग आले की स्वतःचा हात दिसत नाही. ढगावर गुन्हा दाखल करा.

वटवाघूळ

मग अंगणातली माती सकाळी ओली पाहिजे. लाल माती ओली झाली की पावलं उमटतात. ढग आणलात तर पाऊलखुणा पण आणा.

लालमाती

दादा, पाया पडतो तुमच्या.

घंटानाद

पावलांवरनं आठवलं. बायबलमध्येच एक अस्सल गुप्तहेर आहे, दानिएल. बेल देवतेची मूर्ती रोज रात्री अन्न खाते असं राजाला सांगत असतात. दानिएल दार बंद व्हायच्या आधी जमिनीवर राख पसरतो. सकाळी राखेवर पुजाऱ्यांची, त्यांच्या बायकापोरांची पावलं. आणि सुसान्नाच्या गोष्टीत दोन म्हाताऱ्यांना वेगवेगळं उभं करून विचारतो, कुठल्या झाडाखाली बघितलंत? दोघं दोन झाडं सांगतात, संपला खेळ. साक्षीदारांना वेगळं ठेवून विचारणं तेव्हापासनं आहे. पोरांना धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट आधी ऐकवा आणि मग तीच युक्ती त्यांना वापरायला लावा. वचनाचं वचन झालं, ज्येष्ठ पण खूष.

सुमतीअक्का

गोष्टी छान आहेत पण आमच्या बायबलात त्या नाहीत. आमचा दानिएल बाराव्या अध्यायाला संपतो.

घंटानाद

आमचा चौदाला. 😄

कॅम्पातला_पाव

दोन अध्याय गायब! हे रजिस्टरपेक्षा मोठं रहस्य आहे. अक्का, तुमच्यावर संशय.

सुमतीअक्का

घंटेसारखंच आहे हे. चार पोरांतलं एक आमच्या मंडळीतलं ठेवा. ती म्हणेल, "ही गोष्ट आमच्या बायबलात नाही", दुसरा म्हणेल, "मग आमचं घे." भांडतील आणि कामाला लागतील. आम्ही शाळेत असंच करायचो.

सीमेवरचा_गडी

हे सगळं ठीक आहे पण मिस्सा कुठल्या भाषेत दाखवणार? कोकणी, मराठी की कानडी? मुळात १९५६ ला जो अन्याय…

कॅम्पातला_पाव

सीमाप्रश्न यायला चाळीस प्रतिसाद लागले. मी तिसावर पैज लावलो होतो, हरलो.

धागासांभाळ

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिथं अकराशे प्रतिसाद झालेत, जागा अजून आहे. इथं रजिस्टर शोधू द्या.

लालमाती

गड्याचा पहिला प्रश्न मात्र बरोबर आहे, दुसरं वाक्य सोडून. बेळगावचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपांचा इलाखा, १९५३ ला झाला, त्याच्या आधी आमच्याकडची चर्चं गोव्याकडं होती. माझ्या आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद पोर्तुगीजमध्ये आहे, बाबांची इंग्रजीत, माझी पण इंग्रजीत, आणि घरात आम्ही मराठी. म्हणजे पोरांना रजिस्टर सापडलं तरी वाचायला येणार नाही! जुनी कोकणी आजी शोधावी लागेल जी गोव्यात शिकली. आणि तीच आजी… नाही, सांगत नाही.

नववी_ब

तीच चोर!!

लालमाती

गप्प बस रे.

नववी_ब

रे नाही. मी मुलगी आहे 😂

बिनचूक

ह्या धाग्यावर मी कुणालाही काहीही समजणार नाही आता.

घंटानाद

एक बारीक दुरुस्ती, पुढं उपयोगी पडेल. कन्फेशनमध्ये फादर पोलिसांना सांगू शकत नाहीत, पण "वस्तू जिथली तिथं ठेव" एवढं त्या माणसाला सांगू शकतात. म्हणजे शनिवारी रात्री ईस्टरच्या मिस्सेला चर्चमधले दिवे बंद असतात, बाहेर आग पेटवून मोठी मेणबत्ती आत आणतात, एकाच्या मेणबत्तीवरनं दुसऱ्याची पेटत जाते. तेवढ्या अंधारात रजिस्टर परत येऊ शकतं. आणि ग्लोरियाला घंटा. दोन दिवसांनी पहिली घंटा.

लालमाती

सगळ्यांचे आभार मानायला आलोय. आठ दिवस हे वाचत होतो आणि शाळेच्या वहीत मागच्या पानांवर लिहित होतो. काय ठरवलं ते सांगतो, शेवट सोडून.

घंटा ठेवली. पण मामा खोटं बोलत नव्हता. मारुतीची होती की पलीकडच्या मंडळीची, त्यावर पोरांची दोन प्रकरणं भांडणं आहेत, पण वाजली होती हे नक्की. पोरांनी मात्र तोवर अख्ख्या गावात मामाला चोर करून टाकलंय, त्याच्या दुकानात कोण फिरकत नाही, आणि पुण्याचा आतेभाऊ सगळ्यांत पुढं. ज्येष्ठांना शेवटी कुणीतरी गुडघे टेकायला पाहिजे होतं ना? टेकतील. पण चोर नाही, ही चार पोरं. मामाच्या दुकानाच्या पायरीवर, दुपारच्या उन्हात, आणि मामा पहिल्यांदा दारच उघडत नाही. ते प्रकरण लिहिताना मला स्वतःला जड गेलं, कारण लहानपणी आम्ही पण एका माणसाला असंच केलो होतो, आणि त्याची माफी मागायची राहून गेली.

वचनं काढली. दानिएलची राख ठेवली, राखेच्या जागी पहाटेच्या वळवानं भिजलेलं अंगण. मुलगी मेथडिस्ट, नाव सुवार्ता, अक्का परवानगी द्या. खून नाही. कुत्रा आहे, नववी_ब साठी, त्याचा जीव दोनदा धोक्यात घातलाय. ज्येष्ठांना नवी प्रकरणं दिली, ते अजून काही बोलले नाहीत, पण परत मागितलं तर म्हणाले थांब, बायको वाचायलीय.

सुमतीअक्का

सुवार्ताला आधी विचारते. तिचा होकार आहे असं समजा. तिची वेणी मात्र एकच घाला, दोन घातल्या की ती लहानपणी रडायची.

नववी_ब

कुत्र्याचं नाव काय?

लालमाती

पाव.

कॅम्पातला_पाव

मानधन किती?

हलशीचा_दगड

धागा पूर्ण वाचला नाही, पण खून हवाच. फादरचा झाला तर उत्तम.

नववी_ब

वाचा की ओ आधी